इंग्लंडच्या खेड्यातल्या पाळकाचं घर कशावर चालायचं? (व्हिक्टोरियन काळ)

वाचनवेडी_शहादा

नमस्कार मंडळी. मी शहाद्याला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. सुट्टीत व्हिक्टोरियन काळातल्या कादंबऱ्या एकामागून एक वाचून काढल्या. माणसं कळतात, त्यांची भांडणं कळतात, पण गोष्ट चर्चपाशी आली की मी अडखळते. एका पाळकाकडे बग्गी, माळी, स्वयंपाकीण. दुसरा तितकाच शिकलेला, रविवारी त्याच प्रार्थना म्हणणारा, आणि त्याच्या घरात कोळसा पुरवून पुरवून वापरतात. कोणी रेक्टर, कोणी व्हिकर, कोणी क्युरेट. एखाद्या जमीनदाराने 'लिव्हिंग' दिलं की पोराचं लग्न लगेच ठरतं.

यांना पैसे देत कोण होतं? आणि गावातल्या गरिबाला चर्चमध्ये काही किंमत होती का? नुसत्या व्याख्या मला गुगलवर सापडल्या. ते गाव चालायचं कसं, हे कोणी सांगू शकेल का? मुलांना वर्गात सांगायचंय, म्हणून जरा नीट हवंय.

जळगावकर_७६

इंग्लंडचा तो राजधर्मच होता. म्हणजे पगार सरकारी तिजोरीतून असणार. मोठ्या गावाला जास्त, लहान गावाला कमी, असं असेल.

केळीवाले_नाना

ताई, प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी फैजपूरकडचा. नोकरी हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेली, आता केळीची बाग बघतो. मुलगी इप्सविचला असते. तिच्याकडे गेलो की सफोक परगण्यातल्या खेड्यांची चर्चं बघत हिंडणं हा माझा उद्योग असतो.

जळगावकर भाऊ, राजधर्म होता हे खरंच, पण गावच्या पाळकाला तिजोरीतून महिन्याचा पगार येत नव्हता. त्याची चूल गावच्या पिकावर पेटायची. म्हणून ताई, माझा आग्रह एवढाच आहे की मुलांना आधी शिवारात न्या आणि मग चर्चमध्ये.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं सगळं शिवार आणि त्यातली माणसं. त्या शिवारात जे पिकेल आणि जे जन्मेल त्याचा दहावा हिस्सा चर्चचा. गव्हाची दहावी पेंढी, दहावं कोकरू, शिवाय लोकर, दूध, अंडी, फळं. हा दशमांश. त्याचे दोन वाटे होते. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशमांश आणि बाकी सगळा लहान. दोन्ही वाटे ज्याला मिळायचे तो रेक्टर. ज्याच्या वाट्याला बहुधा फक्त लहान यायचा तो व्हिकर. मग व्हिकरच्या गावचा मोठा दशमांश जायचा कुठे? मध्ययुगात तो मठांकडे गेला होता. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० च्या दरम्यान मठ मोडले, त्यांची मालमत्ता वाटली आणि विकली. तिच्याबरोबर धान्याचा दशमांशही जमीनदारांच्या आणि कॉलेजांच्या हातात गेला. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली तेव्हा या गोष्टीला तीनशे वर्षं होत आली होती, तरी त्या गावचा व्हिकर कोकरं आणि अंड्यांच्याच हिश्शावर बसलेला.

क्युरेटचा तर पिकावर हक्कच नाही. रेक्टर किंवा व्हिकर आपल्या उत्पन्नातून त्याला ठेवायचा, साधारण ८० ते १०० पाउंड वर्षाला. एकेक रेक्टर दोन-तीन गावांचा दशमांश घेऊन दुसरीकडेच राहायचा, आणि बाप्तिस्मे, लग्नं, मयती सगळं क्युरेट बघायचा. १८३८ च्या कायद्याने यावर लगाम बसला. तुमच्या कादंबरीतला कोळसा पुरवून वापरणारा पाळक बहुतेक क्युरेट किंवा गरीब गावचा व्हिकर असणार. तपासून बघा.

आता लिव्हिंग. दशमांश, चर्चची स्वतःची जमीन आणि राहायचं घर, हे सगळं मिळून लिव्हिंग. त्यावर माणूस नेमण्याचा हक्क गावाकडे नव्हता, तो पेट्रनकडे होता. पेट्रन म्हणजे कुठे जमीनदार, कुठे बिशप, कुठे राजसत्ता, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज. हा हक्क मालमत्ताच मानला जायचा. वारशाने मिळायचा, विकता यायचा, वर्तमानपत्रात त्याच्या जाहिराती यायच्या. एकदा नेमणूक झाली की माणूस बहुधा मरेपर्यंत तिथेच, त्याला काढणं महाकठीण. म्हणून लिव्हिंग मिळालं की लग्न ठरतं. मुलीच्या बापाला जन्माची भाकरी दिसते.

धान्य उचलून नेण्यावरून गावात कायम कटकट. शेतकरी म्हणायचा, चर खणले मी, खत टाकलं मी, आणि वाढलेल्या पिकातला दहावा भाग शेतात पाय न टाकलेल्याला का द्यायचा? मी शेती करतो, मला त्याचा राग पटतो. शेवटी १८३६ च्या कायद्याने वस्तूंच्या जागी पैसा आणला. हिशोब असा: दशमांशाची रक्कम तीन सारख्या भागांत वाटायची, गहू, बार्ली आणि ओट. मागच्या सात वर्षांचा सरासरी भाव धरून त्या रकमेत दरवर्षी चढ-उतार करायचा. यासाठी गावोगाव मोजण्या झाल्या, मोठमोठे नकाशे निघाले. नकाशासोबतच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्याचा नंबर, शेताचं नाव, मालक कोण, कसतो कोण, क्षेत्र किती, नांगरटीचं की कुरण, आणि शेवटच्या रकान्यात चर्चचं देणं. इप्सविचच्या अभिलेखागारात असा तक्ता पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो आणि आपला सातबारा वाचावा तसा वाचत गेलो. कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

ती सात वर्षांची सरासरी ध्यानात ठेवा. १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला आणि इंग्लंडमधले भाव कोसळले. सरासरीमुळे पाळकाला फटका हळूहळू बसला, पण चुकला नाही. १८३६ ला १०० पाउंड धरलेला दशमांश १९०१ साली ६७ पाउंडांच्याही खाली आला होता. म्हणजे गाव तेच, चर्च तेच, पण १८५५ चा रेक्टर आणि १८९५ चा रेक्टर यांच्या घरातली नोकरमाणसं सारखी असणार नाहीत. कादंबरी कोणत्या सालात घडते ते आधी बघायचं.

तबला_धुळे

नाना, भलतं भारी लिहिलंत. मी वादक माणूस, मला पैशांपेक्षा गाण्याचं जास्त माहीत, तेवढी भर घालतो.

त्या काळाच्या सुरुवातीला खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये ऑर्गन नव्हता. पश्चिमेकडच्या भिंतीला लाकडी सज्जा असायचा, त्यात गावचा वाद्यवृंद. क्लॅरिनेट, बसून (लांब नळीचं फुंकवाद्य), चेलो, व्हायोलिन, कुठे कुठे सर्पंट नावाचं नागमोडी काळं वाद्य. वाजवणारे सुतार, चांभार, विणकर, शेतमजूर. रात्री नाचाला वाजवलेली व्हायोलिन रविवारी स्तोत्राला. चाली त्यांनी हाताने उतरवलेल्या वह्यांत असायच्या आणि त्या वह्या बापाकडून मुलाकडे जायच्या. अशा कितीतरी वह्या आजही टिकून आहेत. स्तोत्र सुरू झालं की पुष्कळ गावांत लोक वेदीकडे पाठ करून सज्जाकडे वळायचे.

१८३३ पासून ऑक्सफर्डच्या काही पाळकांनी चर्चमध्ये जुनं गांभीर्य परत आणायची चळवळ सुरू केली. १८३९ मध्ये केंब्रिजला चर्चच्या इमारतींसाठी एक मंडळ निघालं. त्यांच्या विचारांचे तरुण पाळक खेड्यात आले आणि सज्जे उतरवायला लागले. पांढऱ्या झग्यातली मुलं वेदीजवळ गायला बसली, आणि वृंदाच्या जागी बॅरल ऑर्गन (दांडा फिरवला की ठरलेल्या चाली वाजवणारा) किंवा हार्मोनियम. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ चं. ती वाजवायला एक माणूस पुरतो, बहुधा शाळेची मास्तरीण किंवा पाळकाची मुलगी. आठ-दहा घरांचा रविवारचा मान त्यात गेला. काही वादक रागाने मेथडिस्ट या वेगळ्या पंथाच्या चॅपलमध्ये निघून गेले. हीच पेटी पुढे आपल्याकडे भजनात आली आणि आपण तिला डोक्यावर घेतलं. पण त्या बसूनवाल्या सुताराचं नाव कुठेच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वाचनवेडी_शहादा

नाना, तबलादादा, दोघांचे मनापासून आभार. बग्गीचं कोडं सुटलं. पण नाना, गरिबांचं राहिलं. दहावा भाग जमिनीतून जायचा, जमीन जमीनदाराची, पैसा पाळकाचा. त्या शेतात राबणारा कुठे बसायचा?

केळीवाले_नाना

तोच प्रश्न खरा आहे ताई.

कुठे बसायचा ते चर्चच्या आतच दिसायचं. पुढे दार लावलेले, उंच फळ्यांचे बंदिस्त बाक, एकेका घराण्याचे. जमीनदाराच्या बाकात कुठे कुठे शेकोटीसुद्धा. मजूर मागे किंवा बाजूला, उघड्या बाकड्यांवर. सफोककडे १८५० च्या सुमाराला शेतमजुराची मजुरी आठवड्याला ८ ते १० शिलिंग (२० शिलिंगांचा एक पाउंड). म्हणजे वर्षभर एकही खाडा न होता राबला तरी २६ पाउंडांच्या वर नाही.

गावचा कारभार व्हेस्ट्री नावाच्या सभेत चालायचा. चर्चचे दोन वॉर्डन निवडणं, डागडुजीची पट्टी बसवणं, रस्ते. सभेत कर भरणाऱ्यालाच मत, आणि १८१८ च्या कायद्याने ज्याची मिळकत जास्त त्याला मतं जास्त, एकेकाला सहापर्यंत. म्हणजे झोपडीवाल्याने तोंड उघडून उपयोग काय? गरिबांना मदत देण्याचं काम पूर्वी पॅरिशच बघायची. १८३४ नंतर अनेक पॅरिशचे संघ झाले, वर्कहाउस (गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या इमारती) उभी राहिली, आणि म्हाताऱ्या माणसाला गावाबाहेरच्या त्या इमारतीची धास्ती बसली. चर्चची सक्तीची पट्टी १८६८ मध्ये गेली. निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं यायला १८९४ उजाडलं.

एक प्रसंग मुलांना जरूर सांगा. वॉरिकशर परगण्यात बारफर्ड नावाचं गाव आहे. जोसेफ आर्च तिथला, जन्म १८२६, मजुराचा मुलगा. लहान असताना एकदा प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याने दाराच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला. आधी जमीनदार उठून वेदीपाशी गेला. मग शेतकरी. मग दुकानदार, गाडे करणारा, लोहार. सगळ्यांत शेवटी सदरे घातलेले मजूर, त्यात याचा बाप. त्यांच्या शेजारी दुसऱ्या कोणी गुडघे टेकले नाहीत. हे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं. मोठेपणी तो मेथडिस्ट झाला, चॅपलमध्ये प्रवचनं करायला लागला, बोलायची सवय तिथे लागली. ७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबोर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली त्याने शेतमजुरांची सभा घेतली. त्यातून देशभरची संघटना उभी राहिली आणि १८८५ मध्ये आर्च पार्लमेंटात निवडून गेला. बहुतेक पाळक या संघटनेच्या विरोधात होते. एडवर्ड गर्डलस्टोनसारखे थोडेच मजुरांच्या बाजूचे. डेव्हनमधल्या हॅलबर्टनच्या या व्हिकरने आपल्या गावचे अर्धपोटी मजूर जास्त मजुरीच्या उत्तरेकडच्या परगण्यांत धाडायला सुरुवात केली आणि शेकडो घरं हलवली. गावचे शेतकरी त्यांच्यावर खवळले.

आणि आता सफोकमधल्या हिचम गावाबद्दल लिहू द्या, कारण तिथे माझा जीव अडकलाय. इप्सविचपासून फार लांब नाही. १८३७ मध्ये जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो तिथले रेक्टर झाले. केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. डार्विनचे गुरू हेच, आणि १८३१ मध्ये बीगल जहाजासाठी त्याचं नाव यांनीच सुचवलं. हिचमचं लिव्हिंग वर्षाला हजार पाउंडांवरचं, म्हणजे भरभक्कम. गाव मात्र दरिद्री. असा माणूस वर्षातून चार प्रवचनं देऊन वाड्यात बसला असता तर कोणी बोललं नसतं. त्यांनी शाळा काढली आणि मजुरांच्या मुलामुलींना रानफुलं ओळखायला शिकवलं. वर्गात यायचं तर शास्त्रातले काही अवघड शब्द बिनचूक लिहून दाखवायचे, ही अट. पोरी बांधावरून फुलं आणायच्या, पाकळ्या-पुंकेसर मोजायच्या, कोणत्या कुळातलं ते सांगायच्या. १८५४ मध्ये गावकऱ्यांना घेऊन ते केंब्रिज दाखवायला गेले. ज्यांनी तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं अशी माणसं त्यात होती.

मजुरांना भाजीपाल्यासाठी त्यांनी जमिनीचे लहान तुकडे खंडाने द्यायला घेतले, तर शेतकरी बिथरले. मजूर स्वतःच्या तुकड्यात दमला तर आमच्याकडे काय काम करणार, ही ओरड. असा तुकडा घेणाऱ्याला कामावर ठेवायचं नाही असं ठरवण्यापर्यंत मजल गेली. हेन्स्लो मागे हटले नाहीत, तुकडे दिलेच.

आणखी एक सांगतो. फेलिक्सस्टोच्या किनाऱ्यावर त्यांना जमिनीत फॉस्फेटचे गोटे दिसले. हे दळून खत म्हणून वापरता येतील असं त्यांनी १८४० च्या दशकातच सांगितलं, आणि त्यातून सफोकमध्ये खताचा मोठा धंदा उभा राहिला. मी बागेला सुपर फॉस्फेट टाकणारा माणूस. त्या रेक्टरच्या चर्चमध्ये उभा राहिलो तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

नवापूर_मंडळी

राम राम आणि जय ख्रिस्त. हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या देवळात दरवर्षी हंगामाचा सण होतो. भात, तूर, भोपळे, कोंबड्या, जे ज्याच्या घरी असेल ते वेदीपाशी आणतात. उपासना झाली की अंगणात लिलाव. गेल्या खेपेला एका काशीफळाची बोली इतकी चढली की शेवटी दोन घरांनी मिळून घेतलं आणि तिथेच कापून वाटलं.

चर्चमधल्या या सणाचा आजचा प्रकार व्हिक्टोरियन खेड्यातलाच आहे. कॉर्नवॉलमध्ये समुद्राच्या कड्यावर मॉर्वेनस्टो गाव आहे. रॉबर्ट स्टीफन हॉकर तिथे १८३४ पासून व्हिकर. १८४३ च्या ऑक्टोबरात त्यांनी नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन करू या म्हणून गावाला बोलावलं. त्याआधीही सुगी संपल्यावर जेवणावळी व्हायच्याच, पण त्या शेतकऱ्याच्या खळ्यात, दारू पिऊन. हॉकरनी पीक चर्चमध्ये आणलं आणि ही चाल इंग्लंडभर पसरली.

त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे तो दुसऱ्या कारणाने. त्या किनाऱ्यावर जहाजं फुटायची, प्रेतं वाहून यायची. पूर्वी अशी अनोळखी प्रेतं कितीदा वाळूतच पुरायचे. हॉकर स्वतः कडा उतरून जायचे, माणसांना मजुरी देऊन प्रेतं वर आणायचे आणि चर्चच्या आवारात विधिपूर्वक मूठमाती द्यायचे. १८४२ मध्ये कॅलेडोनिया जहाज फुटलं, त्यातल्या खलाशांच्या थडग्यापाशी त्या जहाजाच्या नाळेवरचाच लाकडी पुतळा उभा केला होता.

वाचनवेडी_शहादा

किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी. सोमवारी वर्गात सातबाऱ्यापासूनच सुरुवात करते. नाना, शेवटचं एक. पाळक वारला की पुढच्या प्रकरणात त्याच्या मुली कोणाच्या तरी घरी गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी बाई) म्हणून निघतात. बापाची एवढी आवक असून इतक्या लवकर हे कसं होतं?

केळीवाले_नाना

कारण त्यांचं काहीच नव्हतं, ताई. घर लिव्हिंगचं, जमीन लिव्हिंगची, दशमांश लिव्हिंगचा. बाप गेला की हे सगळं नव्या माणसाचं. विधवेला थोड्याच अवधीत घर रिकामं करून द्यावं लागायचं. गावाकडून पेन्शन नाही.

वर आणखी एक फास होता. पाळकाचं घर आणि चर्चचा वेदीकडचा भाग (जिथे तो रेक्टरच्या अंगावर असेल तिथे) नीट राखणं ही त्या पाळकाची जबाबदारी. नवा माणूस आला की तो पाहणी करवून घ्यायचा. कौलं फुटलीत, तुळया कुजल्यात, तबेला पडलाय, आणि त्या दुरुस्तीचा खर्च मेलेल्या पाळकाच्या मालमत्तेतून वसूल करण्याचा त्याला कायद्याने हक्क होता. म्हाताऱ्या पाळकाने वीस-तीस वर्षं घराकडे बघितलं नसेल तर ही रक्कम भारी व्हायची. मग पुस्तकं, घोडा, टेबल-खुर्च्या लिलावात. १८७१ मध्ये या दुरुस्त्यांसाठी वेगळा कायदा झाला, पण देणं वारसांवरच राहिलं.

पाळकांच्या विधवा-अनाथांसाठी लंडनमध्ये सतराव्या शतकापासून एक धर्मादाय निधी होता, अनाथ मुलांसाठी शाळाही होत्या, पण सगळ्यांना ते पुरणारं नव्हतं. मुली चांगल्या शिकलेल्या असायच्या, फ्रेंच यायचं, पियानो यायचा, हुंडा मात्र नाही. त्यांना अब्रूने करता येईल असं काम शिकवणं एवढंच. वर्गात विचारा, त्या कादंबरीतल्या पाळकाच्या घराचं छप्पर कोणत्या प्रकरणात गळतंय. बहुतेक लेखकांनी ते आधीच सांगून ठेवलेलं असतं.